पॉवर टाकू की साधं? रोजच्या गाडीला महाग पेट्रोल लागतं का

प्रश्न असा आला आहे. 2019 ची बलेनो, 1.2 लिटरचं नेहमीचं पेट्रोल इंजिन, सत्तर हजार किलोमीटर झालेले. पुण्यात रोजचं ऑफिस आणि महिन्यातून एखाद-दुसऱ्या वेळी साताऱ्याला घरी, म्हणजे महिन्याला हजारेक किलोमीटर. पंपावर दरवेळी "पॉवर टाकू का?" असं विचारतात, म्हणजे जादा भावाचं पेट्रोल. मेहुणे गेली तीन वर्षं महागच पेट्रोल भरतात आणि सांगतात की इंजिन मऊ चालतं, आयुष्य वाढतं. त्यात ई-20, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल, आल्यापासून ॲव्हरेज उतरल्यासारखं वाटतंय. टाकीत अर्धं पॉवर असताना वरून साधं भरलं तर चालतं का, असंही विचारलंय. पण मुख्य प्रश्न हा, की मग आपणही तेच महाग पेट्रोल भरावं का?

नाही. तुमच्या गाडीत साधंच पेट्रोल भरा. साताऱ्यात माझं गॅरेज आहे, तीस वर्षं पेट्रोल गाड्यांची इंजिनं उघडतोय आणि हा प्रश्न आठवड्यातून एकदा तरी येतोच. पण नुसतं "नाही" म्हटलं की माणूस मान हलवतो आणि पंपावर गेल्यावर पुन्हा "बरं, टाक पॉवर" म्हणतो. म्हणून कारण नीट सांगतो. ते एकदा पटलं की कुठल्याही गाडीबद्दल तुम्हाला स्वतःला ठरवता येईल.

सगळा घोळ ऑक्टेन या शब्दामुळे होतो. आकडा मोठा म्हणजे पेट्रोलात दम जास्त, असं आपण धरून चालतो. तसं नाही. 91 ऑक्टेनच्या लिटरभर पेट्रोलात जेवढी उष्णता असते, जवळपास तेवढीच 100 च्या लिटरभर पेट्रोलात असते. ऑक्टेन हा सोसण्याचा आकडा आहे. सिलिंडरमध्ये दाब आणि उष्णता वाढत असताना ते पेट्रोल स्वतःहून पेटायचं किती टाळतं, हे तो सांगतो. 1920 च्या दशकात ही मोजपट्टी ठरली. आयसो-ऑक्टेन नावाच्या द्रवाला 100 धरलं आणि हेप्टेन नावाच्या द्रवाला शून्य. मोजायला एका सिलिंडरचं खास इंजिन वापरतात, त्याचं कॉम्प्रेशन, म्हणजे पिस्टन आतलं मिश्रण किती पट दाबतो ते, इंजिन चालू असतानाच कमीजास्त करता येतं. एखादं पेट्रोल त्यात 91 भाग आयसो-ऑक्टेन आणि 9 भाग हेप्टेनच्या मिश्रणासारखं वागलं, की ते 91 चं पेट्रोल.

आता हे सोसणं कशाला लागतं ते बघा. पिस्टन वर येतो, हवा आणि पेट्रोलचं मिश्रण दाबतो, प्लग ठिणगी टाकतो. ज्योत प्लगपासून बाहेरच्या बाजूला पसरत जाते आणि पिस्टनला खाली ढकलते. असं सरळ झालं तर इंजिन मऊ चालतं. पण ज्योत पोचायच्या आधीच कडेला राहिलेलं मिश्रण दाबानं आणि तापानं एकदम भडकलं, तर पिस्टनवर हातोडा मारल्यासारखा दणका बसतो. त्यालाच आम्ही इंजिन ठोकतंय म्हणतो. गाडीत बसून ऐकलं तर पत्र्याच्या डब्यात मूठभर खडे टाकून हलवल्यासारखा आवाज येतो. तो मुख्यतः चढावर, ॲक्सिलरेटर दाबल्यावर येतो आणि पाय काढला की थांबतो.

कॉम्प्रेशन जितकं जास्त, तितकं सोसणारं पेट्रोल हवं. तुमच्या इंजिनाचं कॉम्प्रेशन 11 ला 1 आहे आणि ते बनवणाऱ्यांनी आपल्याकडचं 91 चं पेट्रोल समोर ठेवूनच बनवलंय. 2024 ची स्विफ्ट तर 13.9 ला 1 कॉम्प्रेशनची आहे आणि तीही साध्या पेट्रोलवर चालते. दहनकक्षाचा आकार, वॉल्व्हचं टायमिंग आणि थंड करायची व्यवस्था चांगली असेल तर एवढं कॉम्प्रेशनही निभतं. म्हणजे कॉम्प्रेशनचा आकडा बघून घाबरायचं कारण नाही. कंपनीनं कुठलं पेट्रोल सांगितलंय तेवढं बघायचं. ते पेट्रोलच्या झाकणाच्या आत किंवा मॅन्युअलमध्ये छापलेलं असतं. 91 लिहिलं असेल तर गाडीची मागणी 91 ची. तिला 100 दिलं म्हणून इंजिन नऊ आकड्यांनी खूश होत नाही.

इथे एक जण हमखास विचारतो की आता कॉम्प्युटर आहे ना, तो चांगलं पेट्रोल ओळखून जास्त ताकद काढेलच की. बरोबर आहे, पण अर्धंच. इंजिनच्या ब्लॉकवर मध्ये भोक असलेली एक जाड चकती बोल्टनं आवळलेली असते, तो नॉक सेन्सर. ठोकल्याची थरथर त्याला लागली की ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, ठिणगी थोडी उशिरा टाकतो, आमच्या भाषेत टायमिंग मागे घेतो. थरथर थांबली की हळूहळू पुन्हा पुढे आणतो. पण पुढे आणायचं ते कंपनीनं आखून दिलेल्या हद्दीपर्यंत. तुमची गाडी 91 वर त्या हद्दीला पोचलेलीच असते. त्यापुढे 100 चं पेट्रोल असो की 105 चं, तो ठिणगी आणखी लवकर टाकत नाही. ज्या गाड्या मुळात 95 किंवा 98 साठी आखलेल्या आहेत आणि 91 वर टायमिंग मागे घेऊन दिवस काढतात, त्यांनाच महाग पेट्रोलानं काहीतरी परत मिळतं.

मी धंद्यात आलो तेव्हा फियाट, ॲम्बॅसेडर आणि मारुती 800 चे दिवस होते, कार्बुरेटरचे. त्या गाड्यांना सेन्सर नव्हता. सेन्सर म्हणजे मेकॅनिकचा कान. ठिणगीची वेळ ठरवणाऱ्या डिस्ट्रिब्युटरचा बोल्ट सैल करायचा, हातानं किंचित फिरवायचा, चढावर नेऊन ऐकायचं, परत यायचं. पेट्रोलात तेव्हा ऑक्टेन वाढवायला शिसं घालत. 1 फेब्रुवारी 2000 पासून देशभर बिनशिशाचं पेट्रोल आलं. त्या काळात एखाद्या पंपाचं पेट्रोल खराब लागलं तर गाडी खरोखर ठोकायची आणि चांगल्या पेट्रोलानं खरोखर शांत व्हायची. आज साठीच्या घरात असलेल्या माणसांच्या डोक्यात हे पक्कं बसलंय आणि ते खोटं नाही. त्यांच्या गाडीच्या बाबतीत ते खरंच होतं. पुढे गाडी बदलली, पेट्रोल बदललं, आणि समजूत तीच राहिली.

आता एक प्रसंग सांगतो, कारण मेहुण्यांचं "मऊ चालतं" हे म्हणणं मी उडवून लावत नाहीये.

वाईचे एक निवृत्त सर माझ्याकडे येतात. त्यांची 1.2 लिटरची छोटी गाडी. पाचगणीला मुलीकडे जाताना पसरणीच्या घाटात गाडी ठोकते, म्हणून दोन वर्षं ते महाग पेट्रोल भरत होते. "त्यानं आवाज कमी होतो रे, पण पूर्ण जात नाही," असं म्हणाले. मी म्हटलं, सर, चला, मला घेऊन घाटात जाऊ. मी शेजारी बसलो. घाट सुरू झाला, दुसऱ्या-तिसऱ्या वळणाला आवाज आला. काटा बघितला तर तेराशे आरपीएम. गाडी तिसऱ्या गिअरवर, वेग पंचवीसच्या आसपास आणि सरांचा ॲक्सिलरेटरवरचा पाय जवळजवळ तळाला. पेट्रोल वाचावं म्हणून ते वरच्या गिअरवर चढवत होते, आयुष्यभर तसंच चालवत आले. मी म्हटलं, दुसरा टाका. टाकला. काटा अडीच हजारावर गेला, इंजिनचा आवाज वाढला आणि खड्यांचा खुळखुळाट नळ बंद करावा तसा थांबला.

कमी आरपीएमवर जोर लावला की असंच होतं. पिस्टन सावकाश हलतो, दाबलेलं गरम मिश्रण जास्त वेळ तसंच कोंडून राहतं आणि त्याला आपोआप पेटायला सवड मिळते. दुसऱ्या गिअरवर ती सवडच मिळत नाही. यात पेट्रोलाचा काही दोष नव्हता.

तरी मी गाडी गॅरेजला आणून बघितली, कारण तापमानाचा काटा मला थोडा वर वाटला होता. एसीचा कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्या मधल्या फटीत उसाच्या चिपाडाचा भुसा, किडे आणि वाळलेला चिखल यांचा थर बसला होता, बोटानं खरवडून काढावा असा. कूलंटच्या जागी नळाचं पाणी. पंखा वेळेवर लागत होता, पण वारा आरपार जायलाच वाव नव्हता. इंजिन जेवढं तापेल तेवढं ठोकायला सोपं जातं. जाळी धुतली, पाणी काढून कूलंट भरलं, सरांना गिअरचं सांगितलं. त्यानंतर ते साधं पेट्रोल भरतात आणि घाटात गाडी ठोकत नाही.

हे सांगायचं कारण असं की महाग पेट्रोलानं त्यांना खरंच थोडा फरक पडत होता. पण तो ताप आल्यावर गोळी घेऊन कामाला जाण्यासारखा. ताप कशानं येतोय हे दोन वर्षं बघायचंच राहिलं. अजून वर्ष-दोन वर्षं गेली असती तर हेड गॅस्केटवर आलं असतं. म्हणून 91 साठी बनवलेली गाडी ठोकत असेल आणि भारी पेट्रोलानं शांत होत असेल, तर "वा, पेट्रोल चांगलं आहे" म्हणू नका. गाडी मेकॅनिकला दाखवा. रेडिएटर, थर्मोस्टॅट, चुकीचे प्लग, दहनकक्षात बसलेला कार्बन, बिघडलेला नॉक सेन्सर, यांपैकी काहीतरी निघतं.

घाटाचा विषय निघालाच आहे तर, उंचीवर इंजिनाची ऑक्टेनची गरज वाढत नाही, कमी होते. महाबळेश्वर साडेतेराशे मीटरच्या आसपास आहे, तिथे हवा विरळ, सिलिंडरमध्ये कमी हवा येते, दाब कमी होतो. अमेरिकेत रॉकी पर्वताच्या भागात याच कारणानं इतर ठिकाणांपेक्षा कमी ऑक्टेनचं पेट्रोल वर्षानुवर्षं विकतात. गरज वाढते ती उन्हाळ्यानं आणि ओझ्यानं. मे महिन्यात नागपूरला पाच माणसं आणि एसी घेऊन चढावर ओढणारी गाडी, ही खरी परीक्षा.

आता ई-20 कडे येतो. इथे बहुतेकांच्या लक्षात न आलेली एक गोष्ट आहे.

आपल्याकडे साध्या पेट्रोलचा ऑक्टेन पूर्वी 88 होता, मग 91 झाला. इथेनॉलचा स्वतःचा ऑक्टेन पेट्रोलापेक्षा बराच वर, 108 च्या पुढे. वीस टक्के इथेनॉल मिसळल्यावर मिश्रणाचा ऑक्टेन चढतो. ई-20 च्या भारतीय मानकात तो किमान 95 आहे आणि 2025 च्या ऑगस्टमध्ये पेट्रोलियम मंत्रालयानंही साधं पेट्रोल 95 ला गेल्याचं सांगितलं. म्हणजे ज्या 95 साठी पूर्वी लोक लिटरमागे जादा पैसे मोजत होते, तो आकडा आता साध्या नळीतूनच मिळतोय. 91 मागणाऱ्या बलेनोला 95 आधीच मिळतंय. त्यावर आणखी ऑक्टेन विकत घेण्यात तुमच्यासाठी काही उरलेलं नाही.

मग ॲव्हरेज का उतरलं? ते तुम्हाला वाटतंय ते बरोबर आहे, मनाचा खेळ नाही. लिटरभर इथेनॉलमध्ये लिटरभर पेट्रोलापेक्षा साधारण एक तृतीयांश उष्णता कमी असते. वीस टक्क्यांच्या मिश्रणात हिशोब केला तर सहा-सात टक्के येतो. नीती आयोगाच्या 2021 च्या आराखड्यातही जुन्या, मूळ साध्या पेट्रोलसाठी बनवलेल्या आणि ई-10 ला, म्हणजे दहा टक्के इथेनॉलला, जुळवलेल्या चारचाकींसाठी 6 ते 7 टक्के घट आणि दुचाकींसाठी 3 ते 4 टक्के घट धरलेली होती. म्हणजे पूर्वी 17 देणारी गाडी 16 च्या आसपास आली तर त्यात बिघाड शोधू नका. आणि महाग पेट्रोलानं ही घट भरून येत नाही, कारण पंपावरच्या बहुतेक पॉवर, स्पीड, 95 या प्रकारांतही इथेनॉल असतंच. अपवाद शंभर ऑक्टेनवाल्यांचा. ते इथेनॉलशिवाय येतं आणि त्याची किंमत कुठे जाते ते पुढे हिशोबात बघू.

पंपावर महाग म्हणून जे मिळतं ते एकच पेट्रोल नाही, हेही समजून घ्या. तीन गोष्टी आहेत. एक, नुसती सफाईची रसायनं घातलेलं. जाहिरात मोठी असते, ऑक्टेन मात्र साध्याच्या जवळपास. दोन, ऑक्टेन वाढवलेलं, 95, 97, 99 असे आकडे नावातच असलेलं. आणि तीन, शंभरचं. इंडियन ऑइलनं एक्सपी-100 डिसेंबर 2020 मध्ये आणलं, पहिल्या दहा शहरांत मुंबई आणि पुणे दोन्ही होती आणि दिल्लीत भाव लिटरला 160 रुपये होता. ते कुणासाठी आहे हे त्या भावातच दिसतं.

यातल्या सफाईच्या रसायनांबद्दल मी मोकळ्या मनानं चांगलं बोलेन. पेट्रोलातला चिकट अंश इनटेक वॉल्व्हच्या मागच्या बाजूला आणि इंजेक्टरच्या टोकाला बसतो. मी हेड उघडतो तेव्हा वॉल्व्हच्या पाठीवर काळा, भाकरीच्या करपलेल्या पापुद्र्यासारखा थर दिसतो. ही रसायनं तो थर बसू देत नाहीत, बसलेला हळूहळू सोडवतात. अमेरिकेतल्या एएए या मोटारचालकांच्या संघटनेनं 2016 मध्ये तपासलं तेव्हा सफाईची रसायनं पुरेशी असलेल्या पेट्रोलाच्या तुलनेत कमी दर्जाच्या पेट्रोलानं वॉल्व्हवर सरासरी 19 पट जास्त थर बसला. फरक मोठा आहे, पण तो सफाईच्या रसायनांचा आहे. ऑक्टेनशी त्याचा संबंध नाही. आणि एक मर्यादा लक्षात ठेवा. तुमच्या बलेनोसारख्या गाडीत इंजेक्टर वॉल्व्हच्या मागे फवारतो, त्यामुळे पेट्रोल वॉल्व्ह धुऊन काढतं. आजकालच्या बऱ्याच टर्बो गाड्यांत इंजेक्टर थेट सिलिंडरच्या आत फवारतो. तिथे पेट्रोल वॉल्व्हच्या पाठीला लागतच नाही. त्या गाड्यांच्या वॉल्व्हवरचा कार्बन कितीही भारी पेट्रोल भरलं तरी निघत नाही, तो खोलूनच साफ करावा लागतो. पेट्रोलच्या बळावर ते काम टाळू असं त्या गाडीवाल्यांनी धरून चालू नये.

तुमची गाडी शहरात छोट्या फेऱ्या जास्त मारते, इंजिन नीट तापायच्या आत बंद होतं, कार्बन बसतो, हे खरं. त्यावर माझं म्हणणं असं. पाच-सहा महिन्यांतून एखादी टाकी सफाईच्या पेट्रोलची भरायची असेल तर भरा, त्यात वावगं नाही. सातारला येताना चौपदरी रस्त्यावर सलग तास-दीड तास एका लयीत चालवता तेव्हा इंजिन पूर्ण तापतं आणि तेही कार्बनला मारकच आहे. दर टाकीला भरायची गरज मला कधी दिसलेली नाही. ज्यांनी आयुष्यभर साधं भरलं आणि तेल वेळेवर बदललं, अशा दीड-दोन लाख किलोमीटरच्या गाड्या माझ्याकडे नेहमीच्या येतात आणि त्यांची इंजिनं ठणठणीत आहेत. जी इंजिनं माझ्या टेबलावर मोडून आली ती तेल न बदलल्यानं, कूलंट संपल्यानं, टायमिंग चेन किंवा बेल्टकडे दुर्लक्ष झाल्यानं, पुराच्या पाण्यात चालू ठेवल्यानं. नुसतं साधं पेट्रोल भरलं म्हणून मेलेलं इंजिन मी एकही बघितलं नाही.

आता पैशाचा हिशोब, कारण शेवटी त्यासाठीच तुम्ही विचारताय. भाव रोज बदलतात, म्हणून हिशोबाला सोपे आकडे धरू: साधं 104, सफाईचं किंवा 95 चं 112, शंभरचं 160. महिन्याला 1000 किलोमीटर, ॲव्हरेज 16, म्हणजे साडेबासष्ट लिटर. लिटरमागे 8 रुपये जादा म्हणजे महिन्याला 500, वर्षाला 6000 रुपये. हे पैसे वसूल व्हायचे तर ॲव्हरेज 16 वरून 17.2 च्या वर जायला हवं, कायमचं, दर टाकीला. शंभरचं भरलं तर जादा खर्च महिन्याला 3500, वर्षाला 42,000. तिथे वसुलीसाठी ॲव्हरेज साडेचोवीसच्या पुढे लागेल. इथेनॉल नसल्यानं सहा-सात टक्के परत मिळाले असं धरलं तरी खर्च चोपन्न टक्क्यांनी वाढलेला आहे.

एएएनंच 2017 मध्ये भारी पेट्रोलची शिफारस असलेल्या, पण सक्ती नसलेल्या गाड्या तपासल्या. ॲव्हरेजमध्ये सरासरी 2.7 टक्के आणि ताकदीत 1.4 टक्के फरक पडला. लक्षात घ्या, या मुळातच भारी पेट्रोलचा फायदा घेऊ शकणाऱ्या गाड्या होत्या. आपल्या उदाहरणात लिटरला आठ रुपये जादा म्हणजे पावणेआठ टक्के खर्च. पावणेतीन टक्क्यांसाठी पावणेआठ टक्के.

मी स्वतः माझ्या वॅगनआरवर टाकी ते टाकी मोजलं होतं. चार टाक्या साध्याच्या, मग चार महागाच्या, सातारा-पुणे त्याच रस्त्यावर, त्याच पंपावर, नळी पहिल्यांदा आपोआप बंद झाली की थांबायचं आणि वही काढायची. दोन्हीकडे टाकीगणिक अर्ध्या-पाऊण किलोमीटरचा चढउतार होता आणि तो खंबाटकीला ट्रकांच्या मागे किती अडकलो यावर अवलंबून होता. पेट्रोलचा फरक त्यातून वेगळा काढता येईना. तुम्हालाही करून बघायचं असेल तर असंच करा. डॅशबोर्डवर दिसणाऱ्या आकड्यावर जाऊ नका, आणि एकाच टाकीवरून निष्कर्ष काढू नका. महाग पेट्रोल भरलं की माणूस नकळत जपून चालवतो, मऊही चालवतो. मेहुण्यांच्या "मऊ चालतं" मध्ये थोडा भाग याचाही असणार, हे त्यांना दुखावण्यासाठी म्हणत नाही.

हेच वर्षाचे सहा हजार कुठे लावले तर गाडीला कळतं ते सांगतो. टायरची हवा दर पंधरा दिवसांनी, टायर थंड असताना. इंजिन ऑइल कंपनीनं सांगितलेल्याच ग्रेडचं, वेळेआधी बदललं तरी चालेल, वेळेनंतर नाही. प्लग त्यांच्या मुदतीला. थ्रॉटल बॉडीची सफाई. ब्रेक कुठलं चाक धरून ठेवतोय का, हे चाक उचलून हातानं फिरवून बघणं. गाडीचं ॲव्हरेज अचानक दीड-दोन किलोमीटरनं पडलं तर मी पहिल्यांदा हेच बघतो. एअर फिल्टरबद्दल मात्र एक समजूत दुरुस्त करतो. कार्बुरेटरच्या गाडीत फिल्टर तुंबला की ॲव्हरेज पडायचं. इंजेक्शनच्या गाडीत ईसीयू हवा मोजून तेवढंच पेट्रोल देतो, त्यामुळे तुंबलेल्या फिल्टरनं पिकअप मरतं, ॲव्हरेजला विशेष फरक पडत नाही. फिल्टर बदलाच, पण इंजिनात धूळ जाऊ नये म्हणून.

मग महाग पेट्रोल भरावं कुणी? ज्यांच्या झाकणावर किंवा मॅन्युअलमध्ये साध्याच्या 95 हून जास्त आकडा लिहिलाय त्यांनी तो पाळावा, तिथे काटकसर करू नये. परदेशी आलिशान गाड्या, मोठ्या स्पोर्ट्स बाइक, रिमॅप करून, म्हणजे ईसीयूची आखणी बदलून, बूस्ट (इंजिनात हवा कोंबायचा दाब) वाढवलेल्या टर्बो गाड्या यात येतात. रिमॅपवाल्यांनी तर ज्या पेट्रोलवर मॅप केलाय तेच भरायचं, दुर्गम भागात ते मिळालं नाही तर पाय हलका ठेवायचा. कंपनीनं 95 ची "शिफारस" आणि 91 "चालेल" असं दोन्ही लिहिलेल्या टर्बो गाड्यांना ई-20 चं साधं पेट्रोल ऑक्टेनच्या बाबतीत पुरतं.

आणि एक गट आहे ज्यांच्याबद्दल मला आतून वाटतं. जपून ठेवलेल्या जुन्या गाड्या. वडिलांची फियाट, आजोबांची जावा, महिन्यातून एकदा बाहेर निघते. त्यांचे रबरी पाइप, कार्बुरेटरचे डायफ्राम, गॅस्केट इथेनॉलसाठी बनलेले नाहीत. गाडी उभी राहिली की इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, टाकीच्या तळाला पाणी साठतं, आतून गंज धरतो. आपल्याकडच्या पावसाळ्यात तर फारच. अशा गाडीत महिन्याला चार लिटर लागत असतील तर शंभरचं बिनइथेनॉलचं भरायला मी स्वतः सांगतो, ऑक्टेनसाठी नव्हे, इथेनॉल टाळण्यासाठी. त्याबरोबर पाइप नवे, इथेनॉल सोसणारे घालून घ्या. तुमची 2019 ची गाडीही ई-20 साठीच्या सामानाची सक्ती यायच्या आधीची आहे, ती एप्रिल 2023 पासून आली. पण तुमची रोज चालते, टाकी सारखी रिकामी-भरती होते. तिला दरवर्षी सर्व्हिसिंगच्या वेळी पेट्रोलचे पाइप आणि जोड बोटानं दाबून बघायला सांगा. चिकट झालेत का, तडे आहेत का, वास येतो का. लागले तर बदला. बेचाळीस हजारांचं पेट्रोल भरण्यापेक्षा ते फार स्वस्त आहे.

परदेशातल्या मंडळींचे प्रश्नही येतात म्हणून थोडक्यात. अमेरिकेत पंपावर 87 दिसतं म्हणून ते आपल्याहून हलकं समजू नका, तिथे मोजायची पद्धत वेगळी आहे. तिथलं 87 म्हणजे आपल्या मोजणीनं साधारण 91-92. दुबईत 91, 95 आणि 98 अशा तीन नळ्या असतात, तिथेही झाकण उघडून आकडा बघणं हाच नियम.

ऑक्टेनपेक्षा मी ज्याला जास्त महत्त्व देतो ती गोष्ट म्हणजे पंप. माझ्या एका गिऱ्हाइकाची गाडी महाग पेट्रोल भरून निघाल्यावर चार किलोमीटरवर बंद पडली होती. टाकी उतरवून काचेच्या बाटलीत पेट्रोल काढलं, दहा मिनिटं ठेवलं. खाली दोन बोटं पाण्याचा वेगळा थर, वर पेट्रोल. पहिला मोठा पाऊस होऊन गेलेला होता आणि जमिनीखालच्या टाकीत पाणी गेलं होतं. भारी पेट्रोलचा खप कमी असतो, त्यामुळे लहान गावात ते टाकीत जास्त दिवस पडून राहतं, हेही ध्यानात घ्या. ज्या पंपावर दिवसभर गर्दी असते, टँकर सारखा येतो, तिथलं साधं पेट्रोल मला कमी खपाच्या पंपावरच्या महागापेक्षा जास्त खात्रीचं वाटतं. शंका आली तर पंपावर घनता मोजून दाखवायला सांगायचा तुम्हाला हक्क आहे. टँकरबरोबर आलेल्या कागदावरच्या घनतेपेक्षा घनमीटरला 3 किलोपर्यंत कमीजास्त फरक चालतो, जास्त नाही. फिल्टर पेपर मागा, नळीच्या तोंडाचा एक थेंब टाका. दोन मिनिटांत उडून जायला हवा, डाग राहता कामा नये. मापाबद्दल शंका असेल तर पाच लिटरचं प्रमाणित माप तिथे असतंच. आणि भरायच्या आधी शून्य बघताना कुठली नळी हातात घेतलीय तेही बघा. "साधं टाक" असं आधी स्पष्ट सांगा. नुसतं "दोन हजारचं" म्हटलं की समोरचा जवळची नळी उचलतो.

शेवटी तुम्ही विचारलं होतं की टाकीत अर्धं पॉवर असताना वरून साधं भरलं तर इंजिनाला काही होतं का. काही होत नाही. दोन्ही पेट्रोलच आहेत, एकमेकांत मिसळतात, ऑक्टेन मधला कुठलातरी होतो. टाकी रिकामी करायची गरज नाही. आज आहे त्यावरच साधं भरा. पुढच्या वेळी साताऱ्याला याल तेव्हा खंबाटकीला खिडकी खाली करून, दुसऱ्या-तिसऱ्या गिअरवर, आरपीएम दोन हजारांच्या वर ठेवून ऐका. खडे खुळखुळल्यासारखं काही आलं तर गाडी घेऊन या, रेडिएटरची जाळी आधी बघू.